गळ्यातलं न काढता

उदगीर
गुरुवार, १० मार्च २०१६

रुद्राणी,

पार्सल काल दुपारी पोचलं. एक मास्क, काळ्या रबराचा. एक श्वास घ्यायची वाकडी नळी. रबरी मोज्यांचा जोड. काजूची पुडी, आणि तुझं दोन पानी पत्र. टपालाचे एकशे साठ लागले ते शिक्क्यावर दिसलं. मास्कची किंमत तू नखानं खरवडलीस, पण अर्धा आकडा राहिला होता. सोळाशेच्या खाली तो नाही. एवढ्यात आपल्याकडं पाण्याचे तीन टँकर येतात, पण ते असो. तू लिहिलंस की नव्या माणसानं बाकी सगळं भाड्यानं घ्यावं, मास्क तेवढा स्वतःचा असावा, कारण प्रत्येकाचा चेहरा वेगळा. हे मला पटलं. चप्पल कुणाचीही घालता येते, चष्मा येत नाही.

गेल्या महिन्यात सोमवारचा उपास सोडताना मी ठरवलं ते तुला कळवलंच होतं. तुला वाटलं असेल, अव्वा रागाच्या भरात लिहून गेली. तसं नाही. बसव जयंती झाली की मी मालवणला येणार आहे. नुसती भेटायला नाही. तुझ्याबरोबर समुद्राच्या खाली जाणार आहे, आणि गळ्यातलं इष्टलिंग अंगावरून न उतरवता जाणार आहे.

का, तेही एकदा लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको. तीन वर्षांमागं तुझा फोटो पेपरात आला, लोकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवणारी उदगीरची मुलगी म्हणून. शेजारच्या दुकानाच्या चन्नबसप्पांनी तो पेपर आपल्या अडतीवर आणला, अप्पांच्या गादीपुढं पसरला आणि फोटोतल्या तुझ्या गळ्यावर बोट ठेवलं. बोट ठेवूनच चहा प्याले. त्या दिवसापासून अप्पांचं एकच म्हणणं, 'लिंगायताच्या घरात जन्मून जिच्या अंगावर लिंग नाही तिचा या उंबऱ्याशी संबंध नाही. ते काम करायचं तर लिंग उतरवावंच लागतं, म्हणजे ते काम आपलं नव्हे.' तू म्हणतीस, नियमच तसा आहे. तुम्ही दोघं सारखेच. दोघांपैकी एकानंही न उतरवता जमतं का हे करून बघितलेलं नाही.

तर मी करून बघणार आहे. नियम काय आहे तो मला शब्दाला शब्द लिहून पाठव. अंगावर काहीच नको, असा आहे की लोंबणारं नको, असा आहे? तुमच्या सरांना विचारून लिही, मनानं लिहू नको.

फोन करत नाही. घरात फोन एकच, तो अप्पांच्या खिशात असतो, आणि माझा आवाज ऐकला की तू दोन शब्दांत गप्प होतीस. पत्रात निदान पान भरावं लागतं.

काजू चांगले होते. अप्पांनी चार खाल्ले. कुठून आले हे विचारलं नाही.

अव्वा


उदगीर
मंगळवार, २९ मार्च

रुद्राणी,

नियम मिळाला. लोंबणारं नको, कशात अडकेल असं नको, आणि हवा कोंडलेलं नको. तिन्ही मी देवघरात भिंतीला लावून ठेवलेत. अप्पांना वाटतंय कुठल्या तरी व्रताचे नियम आहेत.

आता माझा अभ्यास ऐक. तू लिहिल्याप्रमाणं मास्कचा पट्टा न लावता तो तोंडावर धरला आणि नाकानं श्वास आत ओढला. चिकटायला पाहिजे होता, पण गळून खाली पडला. तीन सकाळी हेच. मला वाटलं माझं नाकच वाकडं, सोळाशे वाया गेले. चौथ्या दिवशी आरशात बघितलं तेव्हा कळलं. अंघोळ करून, पूजा करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढूनच मी मास्क लावत होते. रबराची कड बरोबर तिसऱ्या पट्ट्यावर बसत होती. कोरड्या राखेवर रबर कसं धरणार. आता पट्टे बोटभर वर ओढते. मास्क असा धरतो की काढताना आवाज होतो. तुमच्याकडं कुणी आपल्यातलं आलं तर आधी कपाळ बघत जा. आणि मास्कच्या कडेखाली केस येऊ देऊ नये हे तू लिहिलंस ते खरंच, एक केस आला तरी पाणी आत येतं.

पाणी कुठून आणतेस असं तू विचारशील. नळ अठरा-वीस दिवसांनी येतो, तोही तासभर. अंघोळीचं पाणी घंगाळात काढते, अंघोळीआधी त्यात तोंड घालून बसते, नळीनं श्वास घेते. मग त्याच पाण्यानं अंघोळ, खाली परात ठेवलेली असते, त्या पाण्यात कपडे, कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. समुद्राचा अभ्यास म्हणून थेंबभरही जास्तीचा गेला नाही.

श्वास रोखायचा नाही, हे तू तीन वेळा लिहून खाली रेघ ओढलीस. पहिल्या दिवशी पाण्यात तोंड घातलं की आपोआप रोखला जात होता. मग मी एक केलं. 'ॐ नमः' ला आत, 'शिवाय' ला बाहेर, आणि 'शिवाय' लांबवायचं. जप चालू असला की श्वास थांबत नाही. नळीतून मात्र जपाचा आवाज म्हशीसारखा येतो. दानम्मा पलीकडून भिंतीवरनं डोकावल्या.

"शिवकांता, जनावर घेतलंस का गं नवं?"

"न्हाई काकू, मीच हाय."

"काय करून राहिलीस?"

"समुद्रात जायचं शिकून राहिले."

त्या म्हणाल्या, "इथं घागरीत बोट बुडंना अन् तू आख्खी बुडणार म्हण." मग गेल्या, पण संध्याकाळी परत आल्या आणि मास्क मागून घेऊन डोळ्यांना लावून बघितला. म्हणाल्या, आतून सगळं मोठं दिसतं. त्यांना मोतीबिंदू आहे, त्यांना खरंच बरं वाटलं.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. शिकताना एकदा उतरवलं, ट्रंकेत वस्त्रात गुंडाळून ठेवलंस, आणि मग परत घालायला हात धजला नाही. घड्याळासारखं काढ-घाल करायची वस्तू नाही ती, असं तू लिहिलंस. म्हणजे तुला आठवतंय. एकदा अंगावेगळं झालेलं लिंग स्वामींच्या हातून विधीनं बांधून घ्यावं लागतं, आणि तो विधी घरात, आईबापासमोर व्हावा. अप्पा म्हणणार, लिंग असेल तर घरात ये. तू म्हणणार, घरात येऊ दिलं तर लिंग बांधून घेईन. अशी गाठ बसलीये.

ती सुटते की नाही बघतेच मी.

आता अडचण. माझं लिंग चांदीच्या डबीत असतं हे तुला माहीत आहेच. लोंबत नाही म्हणावं तर दोऱ्यात असतं, दोरा अडकू शकतो, आणि डबीत हवा कोंडलेली. म्हणजे तिन्ही नियम मोडतात. डबी मेण लावून बंद केली तर चालेल का ते लिही.

अव्वा


उदगीर
सोमवार, १८ एप्रिल

रुद्राणी,

डबीचं समजलं. खाली पाण्याचा दाब वाढतो, आतली हवा आवळते, चांदी पातळ असेल तर पोचा पडेल, नाहीतर फटीतून खारं पाणी आत शिरेल. मेणाचा बेत सोडला.

शनिवारी मठात गेले. स्वामीजी आता फार बोलत नाहीत, पण ऐकतात नीट. मी सगळं सांगितलं, तू, फोटो, नियम, डबी. विचारलं, लिंग डबीतून काढून नुसतं वस्त्रात अंगाशी बांधलं तर चालतं का. ते हसले. म्हणाले, "डबी सोनारानं दिली बाई. लिंग गुरूनं दिलं. ज्याच्याकडं चांदी न्हाई तो वस्त्रातच बांधतो. रानात राबणारे दंडाला बांधतात, छातीशी बांधतात. अंगाला लागून असलं म्हणजे झालं."

मी म्हटलं, "पण खारं पाणी."

"रोज किती पाणी घालतीस लिंगाला?"

"पळीभर. आजकाल अर्धी पळी."

"मग समुद्र एक दिवस घालील. घरी येऊन गोड्या पाण्यानं धू. वरचा काळा लेप गेला तर आणून दे, नवा लावू."

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून राहिले जरा वेळ. एवढं सोपं होतं, आणि तीन वर्षं कुणी मठाची पायरी चढून विचारलं नाही, आपल्या घरापासून चार गल्ल्या लांब. हे अप्पांना म्हणायचं होतं. पण त्याआधीच दुसरं झालं.

रविवारी अप्पा अडतीवरून लवकर आले. जिल्ह्याच्या समितीची बैठक होती, उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून, ती माणसं न जमल्यामुळं मोडली. मी न्हाणीत घंगाळात तोंड घालून बसले होते. मागून आवाज आला.

"शिवकांता, जिवंत हाईस का?"

मी हात वर केला, अंगठा आणि बोट जोडून, तू शिकवलीस ती ठीक असल्याची खूण. त्यांना ती कशी कळणार. त्यांनी खांद्याला धरून मला वर ओढलं. तोंडावर मास्क, तोंडात नळी. रुद्राणी, त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होतास. हसू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं.

"हे काय करून राहिलीस?"

"पोरीकडं चाललेय. मे महिन्यात. तिच्याबरोबर पाण्याखाली जाणार."

"लिंग?"

"अंगावर. वस्त्रात, छातीशी, पोशाखाच्या आतून. स्वामीजींना विचारलंय."

"अन् तिथं उतरवाय लावलं तर?"

"तर वर नावेत बसून राहीन अन् परत येईन. आल्यावर अडतीवर, चन्नबसप्पांसमोर सांगीन की तुमचंच खरं. त्यानंतर रुद्राणीचं नाव तुमच्यापुढं काढणार न्हाई."

"अन् न्हाई लावलं तर?"

"तर तिनं या घरात, तुमच्यासमोर, स्वामींच्या हातून लिंग बांधून घ्यायचं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि बाहेर गेले.

असं आहे. मी बोलून बसलेय. वर नावेत बसून परत यायची वेळ माझ्यावर आणू नको, आणि माझ्यासाठी नियम वाकवूही नको. वाकवलास तर ते खरं होणार नाही. तुमच्या सरांनी मला बाकीच्या गिऱ्हाइकांसारखंच तपासावं.

आता एक बोलते, रागावू नको. तू लिहिलंस की रोज संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्यात धुता, नाहीतर मीठ बसून नळ्या आणि चेनी खराब होतात, आणि दोन पिंपं भरून रोज ओतून देता. सामान धुवावं हे बरोबर. पण दोन पिंपं वाचून मला जेवण गेलं नाही. आम्ही भांड्यांचं करतो तसं करा. कालचं पाणी एका पिंपात, आजचं दुसऱ्यात. आधी कालच्या पाण्यात बुडवून मीठ काढायचं, मग आजच्यात. उद्या आजचं ते कालचं होईल. आणि क्रम असा की तोंडात घालायचं ते पहिलं, मग मास्क, मग हवेची जाकिटं, मग रबरी पोशाख, पायातलं सगळ्यात शेवटी. पोशाखात लोक काय काय करतात ते तूच लिहिलंस. म्हणजे ते पाणी नळीला लागायला नको. रोज एक पिंप वाचेल. तिथं पाणी आहे म्हणून ते फुकटचं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते पेपरात वाचलं असशील. आपल्याकडं अजून टँकरच.

अव्वा


उदगीर
बुधवार, ४ मे

रुद्राणी,

डॉक्टरांकडं जाऊन आले. तू पाठवलेला कागद पुढं ठेवला. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, फिट येते का, रक्तदाब किती. डॉक्टरांनी कागद उलटा-सुलटा केला.

"मावशी, हा कुठल्या सरकारी योजनेचा हाय?"

"समुद्राखाली जाण्याचा."

"तुम्ही?"

"मी."

"काकांनी सही केली का?"

"काकांना दमा न्हाई, त्यांच्या सहीची गरज न्हाई."

मग त्यांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, कानात बघितलं, मळ होता तो काढला आणि सही केली. सर्दी झाली तर अजिबात जाऊ नका म्हणाले. तेच तूही लिहिलंस, सर्दीत कानाचा रस्ता बंद असतो आणि जोर केला तर पडद्याला इजा होते. म्हणून आठ दिवस झाले, माठातलं गार पाणी बंद केलंय. तसंही माठ अर्धाच असतो.

तिकिटाचं चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. मी हिशेब असा केला होता की सकाळी पाण्यात जायचं, दुपारी जेवायचं, संध्याकाळच्या गाडीनं कोल्हापूर. मुक्कामाचे पैसे वाचले असते आणि अप्पांना एकटं एक दिवस कमी राहावं लागलं असतं. तुझं पत्र वेळेवर आलं. पाण्याखालून आल्यावर त्याच दिवशी घाट चढायचा नाही, विमानात बसायचं नाही, उंचावर हवा विरळ असते आणि अंगात मुरलेली हवा बुडबुड्यासारखी सुटते. मला वाटलं, तू मला एक रात्र जास्त ठेवून घ्यायला हे रचलंस. मग मास्कच्या खोक्यात आलेली पुस्तिका काढून बघितली. मॅट्रिकपुरतं इंग्रजी मला येतं. त्यात तसंच होतं. तिकीट बदललं. वीस रुपये कापले.

अप्पा बरे आहेत. बोलतात. म्हणजे माझ्याशी नाही. भिंतीशी बोलतात. 'भाकर गार झाली' असं भिंतीला सांगतात. मीही भिंतीलाच सांगते, 'गरम करून राहिले.' तिकीट एक दिवस पुढं गेलं तेही भिंतीला सांगितलं. भिंत काही म्हणाली नाही. पण काल रात्री माझी प्रवासाची पिशवी बघते तर तिची तुटलेली चेन बसवून आणलेली होती. मी विचारलं नाही. कोण बसवून आणणार दुसरं.

लिंगाचं वस्त्र शिवलंय. जुन्या मऊ धोतराचं, दोन पदरी, छातीभोवती सपाट गुंडाळून पाठीवर शिवून टाकायचं. गाठ नाही, दोरा नाही, बटण नाही. अंगावर घालून, त्यावर घट्ट झंपर घालून मी दिवसभर काम केलं. वाकले, घागर उचलली, भाकरी थापल्या. हललं नाही. तुमच्या सरांना सांग, हात लावून बघायला बाई असेल तर बघू द्या, मला लाज नाही.

एकच भीती आहे ती लिहून टाकते, म्हणजे तिथं आल्यावर बोलायला नको. पाण्याची नाही. तुझ्यासमोर मला जमलं नाही तर, ती.

अठराला सकाळी पोचते. स्टँडवर ये.

अव्वा


उदगीर
शुक्रवार, २७ मे

रुद्राणी,

पोचले. प्रवास ठीक झाला. घाट दुसऱ्या दिवशी चढला म्हणून अंगाला काही झालं नाही.

तिथलं तू बघितलंसच, ते सांगत नाही. तुला दिसलं नसेल तेवढं सांगते. पहिल्यांदा उतरले तेव्हा कान दुखला आणि मी वर यायची खूण केली. तेव्हा मला वाटलं, संपलं, आता अडतीवर जाऊन हरल्याचं सांगावं लागणार. तू वर येऊन म्हणालीस, 'अव्वा, दुखायच्या आधी नाक दाबून हळू फुंकायचं, दुखल्यावर नाही. प्रत्येक हातभर खाली गेलं की एकदा.' हे तू पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं. पण आपली सवय अशी की दुखायला लागल्याशिवाय औषध घ्यायचं नाही. दुसऱ्या वेळी मी आधीच फुंकत गेले आणि कान उघडत गेले.

खाली गेल्यावर मी छातीवर हात ठेवला तेव्हा तू घाबरलीस आणि वर चल म्हणून अंगठा दाखवलास. मी घाबरले नव्हते गं. वस्त्र जागेवर आहे का बघत होते. होतं. मग मी ठीक असल्याची खूण केली आणि तू मान हलवलीस. त्यानंतर मी जप केला, आवाज न करता. बुडबुडे वर जात होते ते 'शिवाय' चे होते.

तुमच्या सरांनी माझी तपासणी सगळ्यांसारखीच केली हे बरं झालं. त्यांच्या बाईंनी पोशाख घालायच्या आधी वस्त्र चाचपून बघितलं, ओढून बघितलं, आणि 'ह्यात अडकण्यासारखं काही नाही' असं म्हणाल्या. हे वाक्य मी जसंच्या तसं घरी आणलं.

घरी आणलं म्हणजे आधी अडतीवर. स्टँडवरून सरळ तिथंच गेले, पिशवी हातातच होती. अप्पा गादीवर, चन्नबसप्पा समोर, तूर मापून चालली होती. मी उभी राहून सांगितलं. उतरवलं नाही. कुणी उतरवायला लावलं नाही. पहिल्यांदा कान दुखून वर आले, तेही सांगितलं. लपवलं असतं तर पुढचं कुणी खरं धरलं नसतं.

चन्नबसप्पा म्हणाले, "वैनी, एकदा जाणं येगळं, रोज जाणं येगळं. तुमची पोरगी रोज जाती."

मी म्हटलं, "तुमचं लिंग रोज तुमच्या गळ्यात असतं, अण्णा. तुम्ही रोज काय काय करता ते मी इचारत न्हाई."

तोलणाऱ्या हमालानं तोंड फिरवून हसून घेतलं. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "माप चालू दे." एवढंच.

संध्याकाळी ते घरी आले, भिंतीशीही बोलले नाहीत. मी लिंग गोड्या पाण्यानं धुवून पूजा केली. लेप थोडा सुटलाय, स्वामीजींकडं न्यायचंय. जेवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, माझ्याकडं बघून नाही, पण मलाच, "किती खोल?"

मला फुटात सांगता आलं नाही. मी त्यांना परड्यात नेलं. आपला आड आता पूर्ण कोरडा आहे, तळाची वाळू दिसते, तुझ्या लहानपणी पडलेला तांब्या पण दिसतो. मी म्हटलं, "एवढं. कमी असंल, जास्त न्हाई."

ते कठड्याला धरून वाकले आणि बघत राहिले.

"अन् वरपर्यंत पाणी?"

"वरपर्यंत. तुमच्या डोक्याच्या वरपर्यंत."

"पोरगी कुठं होती?"

"माझ्यापुढं. पाठ खाली करून, तोंड माझ्याकडं. माझा दंड धरलेला. एक क्षण सोडला न्हाई. नजर पण सोडली न्हाई."

"कुणाकुणाला नेती असं?"

"रोज येणाऱ्यांना. म्हातारी माणसं, नवरा-बायको, पोरं. जी घाबरतात ती तिच्याकडं देतात."

मग म्हणाले, "आपल्याकडं पाणी असतं तर ती इथंच पोहली असती." ते खरं नाही. तू इथं पोहत होतीस तेव्हाही तुला तळाशी जायचं असायचं, आणि अप्पाच वरून ओरडायचे. पण त्यांना तसं वाटलं तर वाटू दे.

परवा बुधवारी मी लेपासाठी मठात गेले. स्वामीजी म्हणाले, "तुझा नवरा ईश्वरप्पा काल येऊन गेला. तेरा जूनचा सोमवार धरलाय. घरी येतो म्हणून सांगितलंय मी." मला काहीच माहीत नव्हतं. मी घरी आले. अप्पा जिल्ह्याच्या समितीची पत्रकं घड्या घालत बसले होते. मी विचारलं, "तेरा तारखेला स्वामीजी कशाला येणार हाईत?"

"येऊ दे की. मठाचे हाईत, घरी आले तर काय झालं."

"रुद्राणीला कळवू का?"

त्यांनी पत्रकाची घडी नीट केली, अंगठ्यानं दाबली, दुसरं घेतलं.

"कळव. पण मी बोलावलं असं लिहू नको."

म्हणून ते मी लिहीत नाही.

तुमचं काम आता पावसाळ्यापुरतं बंद होतं, असं तू म्हणाली होतीस, तेव्हा रजेची अडचण नाही. ट्रंकेतलं लिंग आहे तसंच वस्त्रात घेऊन ये. उघडू नको, धुवू नको, स्वामीजी करतील. रात्रीच्या गाडीनं आलीस तर लातूरला पहाटे उतरावं लागतं. अप्पांनी विचारलं की लातूर स्टँडवर त्या वेळी रिक्षा मिळते का. मिळते हे त्यांना चांगलं माहीत आहे. ते स्वतः घ्यायला येणार आहेत.

कोणत्या तारखेच्या, कोणत्या गाडीनं निघतेस ते उलट टपाली कळव.

अव्वा